सह्या आणि फावडी

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत सार्वजनिक बागांचा कारभार नगरपालिकेचा उद्यान विभाग पाहतो आणि त्याला सल्ला द्यायला किंवा लगाम घालायला नागरिकांचे एक मंडळ असते. बागेत काही नवे उभे करायचे तर प्रस्ताव या मंडळापुढे येतो, जाहीर सुनावणीची तारीख लागते आणि त्या संध्याकाळी ज्याला बोलायचे आहे त्याला दोन-तीन मिनिटे मिळतात. डिस्क गोल्फच्या कोर्ससाठी जागा मागणारे प्रस्ताव गेली अनेक दशके अशा सुनावण्यांतून जात आले आहेत. मागणारे सहसा तयारीने येतात. त्यांच्याकडे सह्यांचे निवेदन असते, नकाशा असतो, खर्चाचा तक्ता असतो. विरोध करणारे त्या मानाने विस्कळीत असतात. कुणाला कुत्रा घेऊन निवांत फिरायचे असते, कुणाला पक्षी पाहायचे असतात, कुणाच्या घराची मागची भिंत बागेला लागून असते. त्यांची आपापसात ओळखही नसते. मग दोन्हीकडची डोकी मोजली जातात आणि ज्यांची जास्त भरतील त्यांच्या बाजूने लोकांचा पाठिंबा आहे असे धरले जाते. मला ही मोजणीच मुळात चुकीची वाटते. सह्यांवरून कळते ती मागणी, आणि या खेळात मागणी जितकी मोठी तितका जमिनीवरचा भार मोठा. पाठिंबा मोजायचा तर जागेची देखभाल कोण, किती वर्षे आणि कोणत्या लेखी बांधिलकीने करणार, यावर मोजायला हवा.

खेळ समजायला अवघड नाही. गोल्फमधल्या चेंडू-काठीच्या जागी प्लास्टिकच्या डिस्क आणि जमिनीतल्या भोकाच्या जागी खांबाला लटकवलेल्या साखळ्या व त्यांच्याखाली लोखंडी बास्केट. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, पहिली फेक करायची, डिस्क पडेल तिथून पुढची, आणि डिस्क साखळ्यांना थडकून बास्केटमध्ये विसावली की तो होल संपला. कमीत कमी फेकींत सगळे होल पुरे करणारा जिंकतो. साध्या गोल्फला हिरवळ गालिच्यासारखी राखावी लागते, तिला पाणी आणि रसायने पाजावी लागतात. इथे झाडे, उतार, ओढे आहेत तसे राहतात आणि तेच अडथळ्यांचे काम करतात. अठरा होलच्या गोल्फ कोर्सला शंभर ते दोनशे एकर जागा लागते. डिस्क गोल्फचा मध्यम दर्जाचा कोर्स होलमागे साधारण एका एकरात बसतो आणि नवशिक्यांसाठी नऊ होल चार-पाच एकरांतही मावतात. पक्के बास्केट साधारणपणे चारशे ते सहाशे डॉलरना मिळते. काँक्रीटच्या टी आणि दिशादर्शक फलक धरले तरी संपूर्ण कोर्सचा खर्च टेनिसची दोन-तीन कोर्ट बांधण्याहून सहसा कमीच येतो. यूडिस्क या ॲपच्या नोंदींनुसार जगात पंधरा हजारांहून अधिक कोर्स आहेत, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत, आणि बहुतेक ठिकाणी खेळायला एक पैसाही पडत नाही. इतका स्वस्त, इतका साधा, सर्वांना खुला खेळ. मग त्यासाठी पाठिंबा उभा करण्याची मोहीम का काढावी लागते?

उत्तर त्या बास्केटमध्ये आहे. बास्केट नव्हते तोवर हा खेळ कुणाची परवानगी मागत नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात जिम पामेरी आणि त्यांचे मित्र १९७० सालापासून हायलंड पार्कमध्ये फ्रिस्बीने गोल्फ खेळत होते. झाड, दिव्याचा खांब, जे दिसेल ते लक्ष्य. खेळ संपला की बाग पूर्वी होती तशी. कॅलिफोर्नियात जॉर्ज सॅपनफील्ड यांनी १९६५ मध्ये उन्हाळी सुट्टीत मुलांचे खेळ घेताना हीच कल्पना वापरून पाहिली, पुढे ते स्वतः उद्यान खात्यात अधिकारी झाले आणि १९६९ मध्ये त्यांनी फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीची मदत घेऊन स्पर्धा भरवली. त्या स्पर्धेत लक्ष्य म्हणून कंपनीचीच हुला हूप कडी होती. तीही दिवस संपताच गोळा करून नेता येत होती. १९७५ मध्ये व्हॅम-ओचे अधिकारी एड हेड्रिक यांनी लॉस एंजलिस काउंटीच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये जगातला पहिला कायमचा कोर्स उभा करून घेतला. सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले. हेड्रिक यांना डिस्क खपवायच्या होत्या, हे त्यांनी कधी लपवले नाही, आणि लपवण्यासारखे त्यात काही नव्हतेही. १९७६ मध्ये त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना, म्हणजे पीडीजीए, स्थापन केली आणि खेळाला नियम व सभासद मिळाले. पण खांब जमिनीत रोवला गेला त्या क्षणी एक वेगळी गोष्ट घडली होती. आजवर बागेतून जाणारी माणसे जागा वापरत होती, आता एका गटाचा जागेवर हक्क बसला. रोवलेला खांब रात्रीही तिथेच असतो, पावसातही असतो, आणि त्याच्या व टीच्या मधल्या पट्ट्यात दुसऱ्या कुणी चटई पसरून बसू नये, अशी सूचना तो न बोलता देत राहतो. परवानगीचा आणि पाठिंब्याचा प्रश्न इथून सुरू होतो.

मोहिमा चालवणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद असा की आम्ही मागतोय ती जागा पडीकच आहे. बागेचा मागचा कोपरा, जिकडे कुणी फिरकत नाही, झुडपे माजली आहेत, बाटल्यांचा खच पडलाय. तिथे खेळाडू आले की वर्दळ वाढेल आणि वर्दळीबरोबर सुरक्षितता येईल. या म्हणण्याला चांगला आधार आहे. जेन जेकब्ज यांनी १९६१ मधल्या ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या पुस्तकात शहरी बागांवर एक आख्खे प्रकरण लिहिले, आणि बाग म्हटली की ती चांगलीच असणार या समजाची त्यात पुरती चिरफाड केली. विल्यम पेन यांच्या सतराव्या शतकातल्या आराखड्यात फिलाडेल्फियासाठी मध्यवर्ती चौकाखेरीज एकाच घाटाचे चार चौक आखले होते. जेकब्ज यांच्या काळापर्यंत त्यांतला रिटनहाउस चौक शहराचा लाडका झाला होता, फ्रँकलिन चौकात बेघर आणि बेकार लोकांचा मुक्काम होता, वॉशिंग्टन चौकाची चांगल्या घरच्या लोकांना भीती वाटे आणि लोगन चौकाचे वाहतुकीच्या बेटात रूपांतर झाले होते. मूळचा आराखडा एकच असून नशीब निरनिराळे, असे का? जेकब्ज यांचे उत्तर होते की रिटनहाउसभोवती राहणारे, काम करणारे, खरेदीला येणारे असे भिन्न लोक होते आणि ते दिवसाच्या भिन्न वेळी बागेत उतरत. माणसांनी बाग जिवंत राहते, बागेने माणसे सुधारत नाहीत.

खेळाडूंचे पुढारी जेकब्ज यांच्या या विचाराचा पहिला अर्धा भाग उचलतात आणि दुसरा सोडून देतात. वर्दळ हवी हे खरे, पण ती नाना प्रकारच्या लोकांची आणि नाना वेळांची हवी. नुसत्या डिस्क गोल्फरांनी भरलेला कोपरा हा नुसत्या रिकाम्या कोपऱ्याहून बरा असेल, तरी त्यात इतरांना पाऊल टाकावेसे वाटले नाही तर एका वापराच्या जागी दुसरा एकच वापर आला इतकेच. शिवाय ‘इथे कुणी येत नाही’ हे विधान बहुधा कुणी तपासलेले नसते. जो माणूस सकाळी सहाला घुबड पाहायला येतो तो शनिवारी दुपारी जागेची पाहणी करणाऱ्याला दिसत नाही. ज्यांचा वापर विखुरलेला, एकट्या-दुकट्याचा आणि बिनआवाजाचा आहे त्यांची संघटना नसते, टी-शर्ट नसतात, म्हणून सह्यांच्या मोजणीत ते नेहमी हरतात. त्यांचा विरोध हा ‘आमच्या दाराशी नको’ छापाचा स्वार्थ म्हणून झटकून टाकण्याची सवय या मोहिमांना लागली आहे. काही वेळा तो तसा असतोही. पण पुष्कळदा तो जागेविषयीची अशी माहिती घेऊन आलेला असतो जी नकाशा काढणाऱ्याकडे नसते.

टेक्सासची राजधानी ऑस्टिन इथल्या पीझ पार्कची हकिकत या बाबतीत फार बोलकी आहे, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी. टेक्सासचे माजी गव्हर्नर इलायशा पीझ यांनी १८७५ मध्ये शहराला दिलेली ही जमीन शोल क्रीक या ओढ्याच्या काठाने लांबट पसरली आहे. शहराच्या मध्यभागी, विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या ओक वृक्षांच्या सावलीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून इथे डिस्क गोल्फचा कोर्स होता आणि तो अफाट लोकप्रिय झाला. फुकट, सावलीचा, विद्यार्थ्यांच्या पायाशी. लोकप्रिय न होता तरच नवल. पाठिंबा नव्हता असे या कोर्सबद्दल कुणी म्हणू शकणार नाही. तरीही २०११ च्या अखेरीस शहराने तो बंद केला. कारण माती.

झाडाची अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या-एक मीटर मातीतच पसरलेली असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून ती मिळते. त्याच जागेवरून रोज शेकडो पावले गेली की पोकळ्या दाबल्या जातात, वरचे गवत मरते, पालापाचोळा वाहून जातो आणि उघडी पडलेली जमीन कडक होते. मग पावसाचे पाणी आत मुरत नाही, वरून धावते आणि जाताना माती ओढ्यात नेते. मध्य टेक्सासात चुनखडीवर मातीचा थर आधीच पातळ, आणि पाऊस येतो तो अंगावर धावून येतो. मे १९८१ मध्ये आलेल्या पुरात ऑस्टिनमध्ये तेरा माणसे मेली, आणि त्या पुरात शोल क्रीकने मोठा धुमाकूळ घातला होता. डिस्क गोल्फमध्ये पावले सारखी वाटली जात नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे. खेळाडू टीपाशी थांबतात, बास्केटभोवती घोटाळतात, आणि मधल्या पट्ट्यात एकमेकांच्याच वाटेने जातात. डिस्कच्या कडेने खोडांची साल टवके निघून जखमी होते. एका फेकीने काही होत नाही, वर्षानुवर्षांच्या माऱ्याने होते. त्यात २०११ साल टेक्सासच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एकाचे. दरम्यान २००८ पासून बागेतल्या झाडांसाठी नागरिकांची एक संघटना कामाला लागली होती, तीच पुढे पीझ पार्क कॉन्झर्व्हन्सी झाली. कोर्स बंद झाल्यावर त्याच्या बदल्यात शहराने कोलोरॅडो नदीकाठच्या रॉय गेरेरो पार्कमध्ये नवी जागा दिली.

या घटनेचा सोपा अर्थ असा लावला जातो की झाडेवाले जिंकले आणि खेळाडू हरले. मला तो पटत नाही. बाग आणि खेळ यांत मुळातून वैर असते तर ओक ग्रोव्हनंतर हजारो कोर्स टिकलेच नसते. पीझ पार्कमध्ये बिघडले ते प्रमाण. वापर वाढत गेला त्या गतीने देखभाल वाढली नाही. काही होल आळीपाळीने बंद ठेवून मातीला विसावा देणे, बास्केटच्या जागा ठरावीक काळाने बदलणे, पायवाटांवर लाकडाचा भुगा अंथरणे, ओढ्याच्या काठाला हात न लावणे, खोडांपुढे आडोसे उभे करणे, हे उपाय कुणाला अज्ञात नव्हते. ऑस्टिनच्या खेळाडूंनी श्रमदान केले नाही असेही नाही. परंतु किती झिजेनंतर काय करायचे, ते कोण ठरवणार आणि कोण करणार, हे आधीच बांधून घेतलेले नसेल तर लोकप्रियता हाच जागेचा शत्रू होतो. सिल्विया ट्रेंडाफिलोव्हा या संशोधिकेने डिस्क गोल्फरांच्या उपसंस्कृतीचा अभ्यास करताना नेमका हा प्रश्न घेतला होता: खेळामुळे होणारे नुकसान भरून काढण्याच्या कामाला खुद्द खेळाडूंचा आपलेपणा जुंपता येईल का? प्रश्न अचूक आहे. नियमांच्या पाट्या लावून झाडे वाचत नाहीत, पण ‘हा आमचा कोर्स’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातात फावडे आले तर वाचू शकतात.

इथे राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची आठवण होते. सामायिक संपत्तीचा शेवट नाशातच होतो, तेव्हा ती सरकारच्या किंवा खासगी मालकाच्या हवाली करावी, हे मत एके काळी फार रूढ होते. ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधली गावकुरणे, स्पेनमधले पाटपाणी, फिलिपीन्समधल्या झांहेरा नावाच्या सिंचन संस्था अशी शतकानुशतके टिकलेली उदाहरणे मांडली आणि ती टिकली कशी याची कारणे काढली. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वापरणाऱ्यांची हद्द ठरलेली, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात, देखरेख करणारे त्यांना उत्तरदायी, आणि जितका लाभ त्या प्रमाणात कष्ट. झांहेरातल्या सभासदाला पाण्याच्या वाट्याबरोबर बंधारा दुरुस्तीचे दिवस भरावे लागतात. आता डिस्क गोल्फच्या कोर्सकडे पाहा. तो सर्वांना खुला आणि फुकट असल्यामुळे वापरणाऱ्यांची हद्द ठरवताच येत नाही. परगावचा खेळाडू येतो, खेळतो, जातो. म्हणून स्थानिक क्लबला दुहेरी काम पडते. आपल्या सभासदांचेच नव्हे तर अनोळखी पाहुण्यांच्या पावलांचेही ओझे त्याला उचलावे लागते. जो क्लब हे आधी ओळखतो आणि शहराशी तसा लेखी करार करतो, त्याचा कोर्स टिकण्याची शक्यता जास्त. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या अनेक क्लबांनी बकथॉर्नसारखी बाहेरून आलेली, माजलेली झुडपे उपटण्याचे काम अंगावर घेऊन उद्यान विभागांचा विश्वास मिळवला आहे. तिथे निवेदनावरच्या सह्यांपेक्षा उपटलेल्या झुडपांचे ढीग जास्त बोलतात.

खेळाडूंच्या बाहेरच्या लोकांचा पाठिंबा कसा येतो याचे नावाजलेले उदाहरण म्हणजे कॅन्ससमधले एम्पोरिया. सुमारे चोवीस हजार वस्तीचे हे गाव डिस्क बनवणाऱ्या डायनॅमिक डिस्क्स कंपनीमुळे खेळाचे केंद्र झाले. २०१६ आणि २०२२ च्या व्यावसायिक जागतिक स्पर्धा तिथे झाल्या, आणि स्पर्धेच्या आठवड्यात दुकाने, हॉटेले, रस्ते सगळे त्यात सामील होते. तिथल्या पीटर पॅन पार्कची जमीन प्रसिद्ध संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांच्या कुटुंबाने मुलगी मेरीच्या स्मरणार्थ गावाला दिलेली. तिथेही आज बास्केट उभी आहेत. हे सगळे खरे असले तरी प्रत्येक सुनावणीत ‘आपलेही एम्पोरिया होईल’ हे आश्वासन देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. जागतिक स्पर्धा वर्षाला एकच असते. नऊ होलच्या कोर्सने मोहल्ल्यातल्या वाण्याचा गल्ला भरणार नाही, आणि भरेल असे सांगून मिळवलेला पाठिंबा दोन वर्षांत उलटतो.

विरोधकांच्या आक्षेपांत सुरक्षिततेचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत रास्त आहे. डिस्क म्हणजे समुद्रकिनारी फेकायची मऊ फ्रिस्बी नव्हे. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस यांनी कडेला उतार दिलेली डिस्क काढली तेव्हापासून ती हवा कापत जाऊ लागली. आजची डिस्क दीडशे ते एकशे ऐंशी ग्रॅमच्या आसपास, कडेला टणक, आणि पट्टीच्या खेळाडूच्या हातून ताशी शंभर किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने सुटते. ती लहान मुलाच्या डोक्याला लागली तर काय होईल हे सांगायला नको. यावर ‘असे क्वचितच घडते’ हे उत्तर पुरेसे नाही. आखणीतूनच दिलेले उत्तर हवे: फेकीचा पट्टा फिरायच्या वाटेला, रस्त्याला, मुलांच्या खेळण्याला छेदणार नाही आणि जवळूनही जाणार नाही. पीडीजीएच्या आखणीविषयीच्या सूचनाही हेच सांगतात. जी बाग इतकी चिंचोळी की हे जमणारच नाही, तिथे कोर्स नको, मग सह्या कितीही असोत. अठराच्या हट्टापायी बारा होलच्या जागेत अठरा कोंबणे हा या क्षेत्रातला नेहमीचा मोह आहे, आणि भांडणांचे मूळ बरेचदा त्यातच सापडते.

दुसरा आक्षेप न्यायाचा. बाग सर्वांची, खेळणारे बहुतांश तरुण पुरुष. पीडीजीएच्या सभासदांत स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहिले आहे. याला खेळाडूंचे उत्तर असते की खेळ फुकट आहे, कुणाला मज्जाव नाही. हे उत्तर अपुरे आहे, कारण मज्जाव नसणे आणि बोलावणे यांत अंतर असते. पण म्हणून कोर्सच नको हा निष्कर्षही निघत नाही. बेसबॉलच्या मैदानांना हाच न्याय लावला तर निम्म्या बागा मोकळ्या कराव्या लागतील. लहान पल्ल्याचे होल, मुलामुलींसाठी आखलेल्या टी, शाळांना दिलेले वार, यांनी वापरणाऱ्यांचा घोळका रुंदावतो. फिनलंडने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे. पंचावन्न लाखांच्या त्या देशात हजाराच्या आसपास कोर्स आहेत. तिथे कायद्यानेच नगरपालिकांवर लोकांच्या व्यायामाची सोय करण्याची जबाबदारी आहे, आणि कमी पैशांत सर्व वयाच्या माणसांना घराबाहेर काढणारी सोय म्हणून त्यांनी हा खेळ उचलला. म्हणजे पाठिंब्याच्या मोहिमा ही या खेळाची अटळ नियती नाही. जिथे नगरपालिका देखभाल स्वतःचे काम मानते तिथे मोहिमेची गरजच उरत नाही.

आता माझ्या स्वतःच्या म्हणण्यावरचा आक्षेप. पाठिंबा श्रमांत मोजा म्हटले की ज्यांच्याकडे शनिवार-रविवार मोकळा आहे, ज्यांच्यात वकील आणि अभियंते आहेत, त्यांच्या वस्तीला कोर्स मिळेल. दोन नोकऱ्या करणाऱ्यांच्या वस्तीला मिळणार नाही. शिवाय शहराने करायचे काम नागरिकांच्या गळ्यात मारण्याची ही सोयिस्कर वाट ठरेल. आक्षेप खरा आहे, आणि ऑस्टिनने त्याची एक उलटी बाजूही दाखवली: मध्यवर्ती बागेतून उठलेला कोर्स शहराच्या पूर्वेकडच्या, परंपरेने लॅटिनो वस्तीच्या भागात गेला. भार उचलायची पाळी कुणावर येते, हा प्रश्न त्यामुळे अमूर्त राहत नाही. माझे उत्तर एवढेच की करारात श्रमाइतकीच शहराची बाजूही लिहिलेली असावी: भुगा, अवजारे, वृक्षतज्ज्ञाची वार्षिक पाहणी आणि तिचा खर्च कुणाचा. ज्या वस्तीत मनुष्यबळ कमी तिथे शहराचा वाटा मोठा. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या तळच्या पायऱ्यांवर लोकांना बोलावून नुसते गुंडाळले जाते, वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा अधिकार त्यांच्या हाती येतो. लोकांकडून नुसते श्रम घेणे ही तळचीच पायरी. होल केव्हा बंद ठेवायचा हे ठरवण्यात क्लबला, शेजाऱ्यांना आणि पक्षी पाहणाऱ्यांना एकत्र बसवणे ही वरची.

यावर एक शंका उरते: शेजाऱ्यांना असे बसवले तर ते प्रत्येक गोष्टीला नकारच देतील, आणि आधीच बंगले-बागा असलेल्यांच्या हातात नकाराधिकार जाईल. म्हणूनच निर्णय कुणाच्याही आवाजावर सोडू नये. उचलून नेता येतील अशी बास्केट आज सहज मिळतात. ती घेऊन नऊ होलचा तात्पुरता कोर्स एक वर्ष चालवता येतो. त्याआधी आणि नंतर ठरलेल्या जागांवर माती किती कडक झाली, गवत किती उरले, खोडांना किती टवके पडले, वाटेवरून जाणाऱ्यांच्या किती तक्रारी आल्या, सकाळी, दुपारी, संध्याकाळी कोण बागेत होते, हे सगळे मोजता येते. मोजायला खेळाडू आणि विरोधक दोघांनाही पाठवावे. वर्षाअखेर आकडे वाईट आले तर बास्केट गाडीत घालून न्यायची, काँक्रीट फोडायचे काम उरत नाही. यात मोहिमेचा जोश ओसरतो, उद्घाटनाची फीत लांबणीवर पडते आणि पुढाऱ्यांना ते आवडत नाही. पण ज्या क्लबला एका वर्षाच्या मोजणीची भीती वाटते त्याने वीस वर्षांसाठी सार्वजनिक जमीन मागू नये, आणि मागितली तर नागरिकांच्या मंडळाने देऊ नये.